किक कुणाची भारी? कराटे, तायक्वांदो, मुए थाय आणि इतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला एका शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी मी क्लास घेतो. सुरुवात कराटेने केली, पस्तिशीनंतर मुए थाय शिकलो. मुलगी तायक्वांदो खेळते, त्यामुळे गेली सात वर्षं बरेच शनिवार-रविवार स्पर्धेच्या मॅटशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत गेले. क्लास सुटला की जिन्यात, नाहीतर खाली टपरीवर, पोरं आणि पालक तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा लिहून ठेवली म्हणजे चहा गरम असताना पिता येईल.

सर, सगळ्यात ताकदीची किक कुठल्या प्रकारातली?

विचारणाऱ्याच्या डोक्यात ‘लाथ मारीन तिथे पाणी काढीन’ असं काहीतरी असतं. पाणी निघतं, पण कुठे मारायचीय ते आधी ठरवावं लागतं. माणसाच्या एका पायाचं वजन शरीराच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढं असतं. साठ किलोच्या पोराचा पाय म्हणजे दहा किलो. हे दहा किलो कुणीही नीट फिरवले तर समोरच्याला लागणारच, मग अंगात कराटेचा गी असो नाहीतर थाय शॉर्ट्स.

फरक पडतो तो तीन गोष्टींनी. पायाचा कुठला भाग लागतो, लागल्यावर पाय मागे येतो की आरपार जायला बघतो, आणि त्या वेळी जमिनीवरचा पाय काय करतो. तिसऱ्या गोष्टीकडे कुणाचं लक्षच नसतं, सगळ्यांचे डोळे वर गेलेल्या पायावर. आमच्याकडे नवीन पोरगं आलं की पहिला महिनाभर मी एकच घोकतो: खालचा पाय बघ.

तरी एका वाक्यात उत्तर हवंच असेल तर घ्या. मांडी आणि बरगड्या फोडायला थाय किक, लांबून पोटात भोसकायला साइड किक आणि बॅक किक, आणि तुमचं लक्ष नसताना कानाजवळ पोचायला तायक्वांदो.

मावाशी गेरी, दोल्यो चागी आणि थाय किक ही एकाच राऊंडहाऊसची तीन नावं ना?

लांबून बघितलं तर हो. तिन्हींत पाय बाजूने गोल फिरून येतो. जवळून बघितलं तर तीन वेगळी हत्यारं आहेत, आणि या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

कराटेच्या मावाशी गेरीत गुडघा आधी दुमडून वर, बाजूला येतो. मग गुडघ्याखालचा पाय सटकन उलगडतो, लागतो आणि तितक्याच वेगाने परत दुमडतो. या परत खेचण्याला हिकिआशी म्हणतात. कॅरमवर टिचकी मारता तसं: बोट स्ट्रायकरला लागतं आणि जागच्या जागी थांबतं, स्ट्रायकरच्या मागे धावत नाही. जुन्या शिकवणीत चवडा लावायचा, हल्ली स्पर्धेत पायाची वरची बाजू लागते. खालचा पाय वळतो, पण शोतोकान या कराटेच्या शैलीत तळवा जमिनीला धरून ठेवायला शिकवतात.

तायक्वांदोच्या दोल्यो चागीत गुडघा बराचसा समोरूनच वर येतो, त्यामुळे समोरच्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही की ही सरळ येणार की गोल. कंबर शेवटी वळते. खालच्या पायाची टाच एवढी फिरते की शेवटी ती समोरच्या माणसाकडे तोंड करून उभी असते. तळव्याला वंगण लावल्यासारखा पाय फिरला पाहिजे. याचीच कमी वळणारी, तिरकी, पोटावर मारायची धाकटी बहीण म्हणजे बांदाल चागी.

थाय किकमध्ये गुडघा दुमडून ठेवायची भानगड जवळजवळ नाहीच. आधी खालचा पाय तिरका बाहेर टाकायचा, टाच उचलून चवड्यावर यायचं, आणि खुबा आत लोटायचा. पाय खुब्याच्या मागून ओढला जातो. ज्या बाजूचा पाय त्याच बाजूचा हात जोराने खाली झटकायचा, म्हणजे अंग वळायला मदत होते. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर कपडा दगडावर आपटतात तो अख्ख्या अंगाचा झोका आठवा. लागते ती नडगी. आणि ही किक चुकली तर पाय परत येत नाही, माणूस गिरकी घेऊन पाठमोरा होतो. थाय मुलं ती गिरकी पूर्ण करून पुन्हा समोर येतात. कराटेतून आलेला माणूस तिथे अडखळतो, कारण त्याला पाय परत खेचायची सवय असते.

मी अडखळलो होतो. थाय क्लासचा पहिला महिना, माझ्या मते झकास मावाशी गेरी मारली, समोरच्या पोराने नुसता गुडघा उचलून नडगी आडवी धरली आणि माझ्या पायाची वरची बाजू त्यावर आपटली. घरी पोचेपर्यंत बुटात पाय मावेना. बायकोने बर्फ देता देता विचारलं, “तुला तर ब्लॅक बेल्ट आहे ना?”

पायाचा नेमका कुठला भाग लावायचा?

चवडा: समोरच्या किकसाठी. बोटं मागे खेचलेली हवीत, चवड्यावर उभं राहिल्यावर ती वळतात तशी. पायाची वरची बाजू: हलकी, जलद, पण कोपरावर किंवा गुडघ्यावर आदळली तर तिथली बारीक हाडं दुखावतात. टाच: बॅक किक, हुक किक, आणि वरून खाली येणारी नेर्यो चागी, म्हणजे आपली अ‍ॅक्स किक. पावलाची बाहेरची कड: कराटेची योको गेरी. नडगी: मुए थाय, क्योकुशिन कराटे, किकबॉक्सिंग.

बोटं मागे खेचायचं मी 1996 साली एकदा विसरलो. समोरच्याचं कोपर खाली आलं आणि माझा अंगठा त्याच्यावर. तीन आठवडे स्लिपर घालून कॉलेजला गेलो. तेव्हापासून एकदाही विसरलो नाही.

माए गेरी आणि तीप यांत फरक काय? दोन्ही सरळच तर जातात.

माए गेरी ठोसते, तीप ढकलते. माए गेरीत गुडघा वर, चवडा पोटात, पाय परत. तीपमध्ये कंबर पुढे लोटून चवडा किंवा अख्खा तळवा समोरच्याच्या पोटावर, छातीवर, कधी मांडीवर ठेवायचा आणि त्याला मागे सारायचं. बॉक्सर जॅब वापरतो तसा थाय माणूस तीप वापरतो: अंतर राखायला, लय तोडायला, येणाऱ्याचा पाय उचलायच्या आत त्याला अडवायला. दिसायला साधी, पण चांगली तीप मारणाऱ्यासमोर उभं राहणं फार वैतागाचं काम आहे. तुम्ही पुढे सरकला की दार बंद.

माए गेरीला लोक प्राथमिक समजून सोडून देतात. 2011 मध्ये एमएमएच्या, म्हणजे मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतीत अँडरसन सिल्वाने विटोर बेलफोर्टला हनुवटीवर सरळ किक मारून पाडलं. त्यानंतर काही आठवडे आमच्या क्लासमधली सगळी पोरं अचानक माए गेरी मन लावून करायला लागली.

साइड किक हल्ली रिंगमध्ये कमी का दिसते?

कारण ती मारायला अंग पूर्ण आडवं करावं लागतं. कराटेची योको गेरी केकोमी आणि तायक्वांदोची यॉप चागी यांत तत्त्व सारखंच: गुडघा छातीजवळ, खालची टाच समोरच्याकडे, मग पाय पिस्टनसारखा सरळ. ताकद जबरदस्त. पण आडवं उभं राहिलं की पुढची मांडी लो किकसाठी, म्हणजे कमरेखाली मारायच्या किकसाठी, मोकळी पडते. लो किक चालते तिथे लोक अंग समोर ठेवून उभे राहतात, आणि त्या उभ्या राहण्यातून साइड किक उशिरा निघते. तायक्वांदोत कमरेखाली मारायला बंदी, म्हणून तिथे ती सुखाने नांदते.

तायक्वांदोच्या किकमध्ये जोर नसतो, नुसता स्पर्श असतो, हे खरं का?

अर्धं खरं, आणि दोष पोरांचा नाही. गुणांचं गणित बघा. अंगावर ठोसा 1, अंगावर किक 2, डोक्यावर किक 3. तीच किक अंग फिरवून मारली तर अंगावर 4 आणि डोक्यावर 5. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकला छातीच्या गार्डमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले, 2016 ला रिओमध्ये हेल्मेटमध्येही. पायमोज्यातले सेन्सर आणि गार्ड जुळले, ठरावीक जोर भरला, की गुण आपोआप पाटीवर. मग पोरं काय करणार? पुढचा पाय उचलून धरायचा आणि त्यानेच तलवारबाजीसारखं टोचत राहायचं. मुलीच्या स्पर्धांमध्ये मी अशा फेऱ्या बघितल्यात, जिथे दोन पोरी एकेका पायावर लंगडी घालत दीड मिनिट एकमेकींचे पाय अडवतायत. जुने तायक्वांदोवाले शेजारी बसून कपाळावर हात मारतात.

पण त्याच पोरीच्या हातातून पॅड घ्या आणि तुम्ही धरा. तिची बॅक किक, त्वी चागी, मी दोन्ही हातांनी पॅड पोटाशी घट्ट धरून घेतो आणि तरीही दोन पावलं मागे जातो. ती पन्नास किलोची आहे, मी ब्याऐंशी. जोर अंगात असतो, नियम तो मागत नाहीत एवढंच.

कराटेच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये बेशुद्ध पडलेल्याला सुवर्णपदक मिळालं होतं म्हणे?

मिळालं होतं. 7 ऑगस्ट 2021, टोकियो, 75 किलोवरचा गट. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याने इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेवर-डोक्यावर किक मारली, गंजजादेह स्ट्रेचरवरून बाहेर गेला आणि हमेदी बाद झाला. ताबा न ठेवता मारल्याचा ठपका. सुवर्ण इराणला.

टपरीवर हा किस्सा निघाला की भांडण ठरलेलं. मुए थायवाले हसतात. माझं मत विचाराल तर निर्णय नियमाला धरून होता. कराटेच्या त्या नियमांत डोक्यावरच्या किकला सर्वाधिक 3 गुण आहेत, पण पाय डोक्यापर्यंत नेऊन तिथे आवरता आला पाहिजे अशी अट आहे. चालत्या लोकलमधून उतरताना पाय आवरतात तसं. पूर्ण वेगाने पाय नेऊन चेहऱ्यापाशी थांबवायला उभ्या पायावर किती पकड लागते, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. सगळा कराटे असा नाही हेही सांगून ठेवतो. मासुतात्सु ओयामांच्या क्योकुशिनमध्ये तोंडावर ठोसा बंद, पण तोंडावर किक चालू, तीही पूर्ण जोराने. त्यामुळे तिथली माणसं छातीला छाती लावून उभी राहतात आणि त्या जवळच्या अंतरातून उंच किक काढायच्या वाटा शोधतात. अँडी हगची अ‍ॅक्स किक तिथलीच. पुढे 1996 साली तो के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेची ग्रां प्री जिंकला.

लो किक एवढी धोकादायक का मानतात?

दिसायला ती काहीच नाही. मांडीवर चापट मारल्यासारखी. पहिली लागते, माणूस हसून दाखवतो. तिसरी लागल्यावर हसत नाही. पाचवीनंतर तो पाय त्याचं ऐकत नाही, आणि मग वरचे हात कितीही चांगले असले तरी काही उपयोग नाही.

गेल्या काही वर्षांत पोटरीवरची लो किक जास्त वापरात आली. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला चिकटून वर आलेली असते. बोट ठेवून दाबलंत तर झिणझिण्या येतील. तिथे नडगी बसली की पाऊल वर उचलेनासं होतं. जानेवारी 2021 मध्ये एमएमएच्या लढतीत डस्टिन पॉरियेने कॉनर मॅकग्रेगरला असंच लंगडं केलं आणि मग हातांनी संपवलं.

मारणाऱ्यालाही जोखीम आहे. समोरच्याने गुडघा उचलून नडगीचा वरचा, जाड भाग आडवा धरला आणि तुमच्या नडगीचा खालचा, बारीक भाग त्यावर आदळला तर हाड तुटतं. डिसेंबर 2013 मध्ये ख्रिस वाइडमनने अशी किक अडवली आणि अँडरसन सिल्वाचा पाय मोडला. एप्रिल 2021 मध्ये त्याच वाइडमनने युराया हॉलला पहिलीच किक मारली, हॉलने ती अडवली आणि पाय मोडला तो वाइडमनचा. त्या दोन्ही क्लिप मी क्लासमध्ये दाखवत नाही. ज्यांना बघायच्यात त्यांनी आधीच बघितलेल्या असतात.

नडगी दगडासारखी करायला बाटली फिरवायची का? काठीने मारून घ्यायचं का?

नको. बाटली फिरवून कातडी आणि हाडावरचं आवरण सुजतं, दुसरं काही होत नाही. हाड हळूहळू भार सोसत घट्ट होतं, हे एकोणिसाव्या शतकात युलियस वोल्फ नावाच्या जर्मन डॉक्टरने मांडून ठेवलंय. त्यासाठी बॅग पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा, मऊ बॅगेवर, दुखेपर्यंत नाही. एक-दोन वर्षं लागतात. घाई केली तर हाडाला बारीक चीर जाते आणि सहा आठवडे खुर्चीत.

सोळाच्या आतल्या मुलांची हाडं अजून वाढत असतात. त्यांच्या नडग्या ‘तयार’ करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर मुलाचा हात धरून घरी या.

किक मारली आणि समोरच्याने पाय धरला तर?

हा प्रश्न कराटे-तायक्वांदोवाली पोरं विचारत नाहीत, कारण त्यांच्या खेळात पाय धरून ठेवणं चालत नाही. चिनी सांदामध्ये मात्र किक पकडून माणूस उताणा पाडणं हा खेळाचा गाभाच आहे. मुए थायमध्येही पाय पकडून पुढे रेटता येतो, पाडता येतं. म्हणून तिथे बरगड्यांवर किक मारायची तर ती एवढी जड मारतात की धरणाऱ्याचा हातच बधिर व्हावा.

मुंबईच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. कबड्डीतल्या कॉर्नरला विचारा. चढाईवाला पाय लांब टाकतो, किंवा पाठमोरा होऊन मागे लाथ झाडतो, आणि कॉर्नर नेमका त्या क्षणी घोट्यावर झडप घालतो. चांगला चढाईवाला लाथ मारतो त्यापेक्षा वेगाने ती परत घेतो. म्हणजे हिकिआशीच. लालबाग-प्रभादेवीच्या मातीत खेळलेली पोरं माझ्याकडे येतात, तेव्हा पाय परत खेचणं त्यांना शिकवावंच लागत नाही. उंच उचलणं शिकवावं लागतं.

आपल्याकडे लाथेची विद्या नव्हतीच का?

केरळात आहे. कळरीपयट्टूच्या उत्तरेकडच्या पद्धतीत सरावाची सुरुवातच पाय झोकण्यापासून होते. पाय सरळ, गुडघा न वाकवता, कपाळाच्या उंचीपर्यंत, मग गोल, मग आतून बाहेर. मल्याळममध्ये काल म्हणजे पाय, आणि या प्रत्येक झोक्याला स्वतंत्र नाव आहे. त्या सरावासाठी अंग मोकळं करायला गुरू दोराला लोंबकळून तेल लावलेल्या शिष्याच्या अंगावर पायाने मालिश करतो. लाथ शिकण्याआधी लाथेखाली झोपायचं, असं मी गमतीने म्हणतो.

महाराष्ट्रात मर्दानी खेळ हा हत्यारांचा: दांडपट्टा, लाठीकाठी, भाला. हातात पट्टा असताना लाथ मारायला एका पायावर उभं राहणारा फार दिवस टिकला नसता. कुस्तीत लाथ बंद, पण टांग मारतात, आणि टांगेत खुबा ज्या तऱ्हेने आत घुसतो तो बघा. थाय किकशी त्याचं नातं आहे. तालमीतून आलेला पैलवान थाय किक चटकन उचलतो असा माझा अनुभव आहे. वर पाय न्यायला तो वेळ घेतो, पण मांडीवर मारली की पॅड धरणारा आई गं म्हणतो.

सवात आणि कापोएरा हे नुसतं दिखाऊ आहे का?

सवात बघायला नाजूक वाटतं, कारण पाय बुटात असतात. फ्रेंचमध्ये सवात म्हणजे जुना बूट. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या गल्लीतल्या लाथाळीला इंग्लिश बॉक्सिंगची जोड मिळून तो तयार झाला. नडगी लावायची नाही, फक्त बूट. त्यामुळे बुटाच्या टोकाने बरगडीखाली इतकं अचूक टोचतात की मोठ्या ताकदीची गरजच उरत नाही. चाबकासारख्या किकला फुएते म्हणतात, पिस्टनसारख्या किकला शासे. रोज बूट घालून फिरणाऱ्या मुंबईकराला खरं तर हाच प्रकार सगळ्यात व्यवहार्य, पण इथे शिकायला गेलात तर शोधत फिराल.

कापोएरात हात जमिनीवर टेकतो आणि टाच कंपासच्या पेन्सिलीसारखी वर्तुळ काढते. त्या किकचं नावच मेया लुआ जी कोम्पासू, कंपासचा अर्धचंद्र. उभा पाय, हात आणि डोकं सगळं मिळून इथे खिळ्याचं काम करतं. लागली तर माणूस झोपतो. लागायचं प्रमाण कमी, कारण ब्राझीलमध्ये माणसांच्या ज्या वर्तुळात कापोएरा खेळतात तिथे एकमेकांना पाडण्यापेक्षा चकवण्याला मान आहे. 2014 मध्ये युनेस्कोने त्या वर्तुळाला वारसा म्हणून यादीत घेतलं. शिवाजी पार्कवर मल्लखांब केलेल्या एखाद्या मुलीला हे दाखवा, पंधरा मिनिटांत करून दाखवेल.

माझं वय 41. पाय कमरेच्या वर जात नाही. जमेल का?

जमेल, डोक्यापर्यंत न्यायचा हट्ट सोडा. खुब्याच्या खोबणीचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि हाडाला हाड अडलं की ताण देऊन काही होत नाही. काहींना उभं स्प्लिट जन्मात येत नाही आणि तरी ते उत्तम किक मारतात. क्लासआधी पाय हळू झोकायचे, ताणून धरून बसायचं ते क्लासनंतर. सूर्यनमस्कार करत असाल तर अर्धं काम झालंय. बऱ्याचदा पाय वर न जाण्याचं कारण खालची टाच न वळणं हे असतं. टाच वळवा, पाय वीतभर आपोआप वर जातो.

लोकलमध्ये, रस्त्यावर प्रसंग आला तर कुठली किक?

8:40 च्या दादर फास्टमध्ये कुठलीच नाही, तिथे श्वास घ्यायला जागा नसते. रस्त्यावर ओली फरशी, जीन्स, पाठीवर सॅक, पायात फ्लोटर्स. कमरेच्या वर पाय न्यायचा विचारही करू नका. बुटाने नडगीवर किंवा गुडघ्यावर एक, आणि पळा. फोन मागितला तर फोन द्या.

मुलीला कराटेला घालू की तायक्वांदोला की मुए थायला?

जवळ असेल त्याला. कुर्ल्याहून बोरिवलीला क्लाससाठी पाठवलं तर तीन महिन्यांत बंद पडतं, प्रकार कुठलाही असो. दहाच्या आतल्या मुलांना मी तायक्वांदो सुचवतो: पाय मोकळे होतात, तोल येतो, डोक्याला हेल्मेट असतं. मोठी मुलगी स्वतःहून येत असेल तर तिला तीनही बघू द्या, ती निवडेल.

क्लास बघायला जाल तेव्हा भिंतीवरची प्रमाणपत्रं बघू नका. सर पोरांच्या उभ्या पायाकडे बघतात का ते बघा. एखाद्याची टाच वळली नाही तर थांबवून दुरुस्त करतात का? आणि फीबरोबर बेल्ट परीक्षेची फी विचारा. माझ्या भाचीच्या एका क्लासने नऊ महिन्यांत चार परीक्षा घेतल्या, प्रत्येकीचे पैसे वेगळे. हिरवा बेल्ट घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा तिला माए गेरीत बोटं मागे खेचायची असतात हेही कुणी सांगितलं नव्हतं.

पावसाळ्यात हमखास गुडघा दुखतो. किकमुळे का?

बहुतेक वेळा जमिनीमुळे. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं असू शकतं. जून ते सप्टेंबर हॉलच्या फरशीला पाणी सुटतं, रबराच्या जोडमॅटला घाम लागून ती चिकट होते. वरचा पाय फिरतो, कंबर फिरते आणि तळवा मॅटला चिकटून राहतो. उरलेलं वळण गुडघ्यात जातं. गुडघा वाकतो, पण पिळ सोसत नाही. आम्ही पावसाळ्यात दर वीस मिनिटांनी मॅट पुसतो, आणि फिरायच्या आधी टाच उचलतो.

चौपाटीच्या वाळूत किक मारायचा उत्साह असतो त्यांनाही हेच सांगणं. ओल्या वाळूत पाऊल रुतलं की वळत नाही. वाळूत पळा, उड्या मारा. राऊंडहाऊस घरी.

घरी बॅग टांगली तर चालेल का?

चाळीत किंवा जुन्या इमारतीत स्लॅबला हूक ठोकू नका. तीस किलोची बॅग हलायला लागली की वरचे आणि खालचे दोघेही दारात येतात, आणि प्लॅस्टर तर येतंच. त्यापेक्षा खिडकीच्या ग्रिलला एक हात धरा आणि किक इतकी हळू मारा की वर जायला पाच आकडे, तिथे थांबायला तीन, खाली यायला पाच. डावा दहा, उजवा दहा. चौथ्या-पाचव्या किकला उभ्या पायाची मांडी थरथरायला लागेल आणि खुब्याच्या बाजूला आग होईल. आवाज शून्य. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना अजून पत्ता नाही की मी रोज सकाळी सहाला त्यांच्या डोक्यावर लाथा मारतो.